एट्सखर डाइक्स्ट्रा

एट्सखर वीबे डाइक्स्ट्रा (११ मे, १९३० – ६ ऑगस्ट, २००२) हे डच संगणकशास्त्रज्ञ होते. आलेखातील दोन बिंदूंमधील सर्वांत लहान मार्ग शोधण्याची त्यांची रीत जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अल्गॉल ६० या भाषेचा पहिला मानला जाणारा कंपायलर, एकावर एक थरांमध्ये रचलेली टीएचई ही कार्यप्रणाली आणि सेमाफोर ही संकल्पना ही त्यांची अन्य प्रमुख कामे होत. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला. आज्ञावलीतील चुका मागाहून शोधत बसण्यापेक्षा त्या मुळात शिरूच नयेत अशी तिची रचना करावी, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजेच कर्नलमध्ये, घडलेली चूक अनेकदा पुन्हा घडवून दाखवता येत नाही, या तरुणपणीच्या अनुभवात त्या विचाराचे मूळ होते.

बालपण आणि शिक्षण

डाइक्स्ट्रा यांचा जन्म नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात झाला. त्यांचे वडील माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवत, तर आई गणितज्ञ होती. तिने मात्र कधी नोकरी केली नाही. त्यांचे शालेय शिक्षण रॉटरडॅमच्या इरॅस्मस यांच्या नावाच्या जिम्नेशियममध्ये झाले. कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असा त्यांचा प्रारंभीचा मानस होता. तथापि १९४८ साली शालान्त परीक्षेत गणित व विज्ञान या विषयांत मिळालेल्या उत्तम गुणांमुळे त्यांनी लायडन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि पुढे सैद्धान्तिक भौतिकशास्त्र हा विषय निवडला.

१९५१ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांनी आयोजित केलेल्या तीन आठवड्यांच्या वर्गाची जाहिरात त्यांच्या वडिलांच्या पाहण्यात आली. एडसॅक या संगणकासाठी आज्ञावली कशी लिहावी, हे त्या वर्गात शिकवले जाणार होते. भौतिकशास्त्रातील आकडेमोडीसाठी हे ज्ञान उपयोगी पडेल, या विचाराने डाइक्स्ट्रा तेथे गेले. आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव विल्क्स यांना दोन वर्षांपूर्वीच, एडसॅकवर काम करताना झाली होती; पुढे त्यांनी आत्मचरित्रात तिची नोंद केली. त्यांच्या वर्गात बसलेल्या या विद्यार्थ्याने पुढे त्याच प्रश्नाला आपले आयुष्य वाहिले.

ॲम्स्टरडॅममधील काम

मार्च १९५२ मध्ये डाइक्स्ट्रा ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात आड्रिआन फान वाइनगार्डेन यांच्या हाताखाली अर्धवेळ आज्ञालेखक म्हणून रुजू झाले. केंद्रात ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन हे संगणक बांधत आणि डाइक्स्ट्रा त्यांच्यासाठी आज्ञावली लिहीत. यंत्र तयार होण्यापूर्वीच त्याच्या आज्ञांचे काटेकोर वर्णन लिहून काढायचे, ते वर्णन बांधणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्याने करारासारखे पाळायचे, अशी तेथील पद्धत होती. त्यामुळे डाइक्स्ट्रा यांना आपली आज्ञावली चालवून पाहण्याची सोय बराच काळ नसे. ती बरोबर आहे की नाही, याचा निर्णय कागदावरच, विचाराने करावा लागे. ही सवय त्यांच्या पुढील सर्व कामात टिकून राहिली.

आज्ञालेखन हा प्रतिष्ठित विद्वानाचा विषय होऊ शकतो का, ही शंका त्यांना प्रारंभी सतावत होती. १९५५ साली त्यांनी ती फान वाइनगार्डेन यांच्यापुढे मांडली. संगणक आता टिकणार आहेत आणि या क्षेत्राला शास्त्राचे रूप देण्याचे काम नव्या पिढीतील कोणाला तरी करावे लागणार आहे, असे त्यांनी समजावले. त्यानंतर डाइक्स्ट्रा यांनी लायडन येथील पदवी लवकरात लवकर पूर्ण केली आणि आज्ञालेखन हाच आपला व्यवसाय ठरवला. १९५७ साली मारिया डेबेट्स यांच्याशी विवाह करताना त्यांनी नोंदणीपत्रकात व्यवसायाच्या रकान्यात आज्ञालेखक असे लिहिले; परंतु असा व्यवसायच नाही, या कारणाने ते अमान्य झाले आणि तेथे सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली. या दांपत्याला तीन अपत्ये झाली.

१९५६ साली आर्मॅक या संगणकाच्या उद्घाटनासाठी सामान्य प्रेक्षकांना समजेल असे एक उदाहरण हवे होते. दोन शहरांमधील सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याचा प्रश्न डाइक्स्ट्रा यांनी त्यासाठी निवडला. ॲम्स्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूसोबत खरेदीला गेले असताना एका उपाहारगृहाच्या सज्जात कॉफी घेत त्यांनी सुमारे २० मिनिटांत त्याची रीत मनातल्या मनात रचली. जवळ कागद-पेन्सिल नसल्याने टाळता येण्याजोगी सर्व गुंतागुंत टाळावी लागली, असे ते नंतर सांगत. उद्घाटनाच्या वेळी नेदरलँड्समधील ६४ शहरांच्या नकाशावर ही रीत चालवून दाखवण्यात आली. १९५९ साली ती अवघ्या तीन पानांच्या लेखात प्रसिद्ध झाली.

इंटरप्ट आणि पुन्हा न घडणाऱ्या चुका

१९५७ च्या सुमारास लूपस्ट्रा आणि स्कोल्टेन यांनी एक्स१ या नव्या संगणकात इंटरप्ट नावाची सोय करण्याचे ठरवले. टंकयंत्र किंवा टेप वाचणारे उपकरण आपले काम संपल्याचा संकेत देई; त्यासरशी संगणक हातातील आज्ञावली मध्येच सोडून त्या उपकरणाकडे वळे आणि काम आटोपून पुन्हा पूर्वीच्या जागी येई. यामुळे संथ उपकरणांची वाट पाहण्यात वाया जाणारा वेळ वाचणार होता.

डाइक्स्ट्रा यांना मात्र या कल्पनेने धास्तावून टाकले. तोवर एकच आज्ञावली त्याच माहितीवर पुन्हा चालवली की यंत्र पावलापावलाने तेच करी. चूक झाली तर ती पुन्हा घडवून तिचा माग काढता येई. इंटरप्ट कोणत्या क्षणी येईल, हे मात्र बाहेरच्या उपकरणावर अवलंबून होते. मध्येच सोडलेल्या कामाचे एखादे रजिस्टर जपून ठेवायचे राहिले, तर हजार वेळा काहीच बिघडत नाही; संकेत नेमक्या दोन आज्ञांच्या मध्ये आला, तरच उत्तर चुकते. पुन्हा तपासू गेल्यास सारे सुरळीत दिसते आणि दोष आज्ञावलीचा असूनही यंत्रात क्षणिक बिघाड झाला असावा, असा समज होतो. या कारणास्तव डाइक्स्ट्रा यांनी काही महिने या सोयीला विरोध केला. अखेर सहकाऱ्यांच्या आग्रहापुढे ते नमले आणि एक्स१ साठी इंटरप्ट हाताळणारी आज्ञावली त्यांनीच लिहिली. याच कामावरील प्रबंधासाठी १९५९ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

अल्गॉल ६० चा कंपायलर

कंपायलर ही माणसाला वाचता येणाऱ्या भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारी आज्ञावली असते. १९६० साली आंतरराष्ट्रीय समितीने अल्गॉल ६० या भाषेचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे व्याकरण नेमक्या सूत्रांत बांधलेले होते. चल वापरण्याआधी घोषित करणे आणि प्रत्येक विभागाचा आरंभ व शेवट जुळवणे तिच्यात बंधनकारक होते. अशा भाषेत अघोषित नाव किंवा न मिटलेला विभाग यांसारखी चूक आज्ञावली चालण्यापूर्वीच, भाषांतराच्या वेळी, पकडता येते.

डाइक्स्ट्रा आणि याप झोनेव्हेल्ड यांनी एक्स१ साठी या भाषेचा कंपायलर ऑगस्ट १९६० मध्ये पूर्ण केला. अल्गॉल ६० मध्ये एखादी कार्यपद्धती स्वतःलाच पुन्हा बोलावू शकते. ही सोय अनेकांना अवघड वाटत होती. डाइक्स्ट्रा यांनी चढत-उतरत्या रचीचा, म्हणजे स्टॅकचा, पद्धतशीर वापर करून ती साध्य केली. काम पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही, असे दोघांनी ठरवले होते. कंपायलर चालू झाल्यावर झोनेव्हेल्ड यांनी दाढी काढली. डाइक्स्ट्रा यांनी ती अखेरपर्यंत ठेवली.

टीएचई कार्यप्रणाली

१९६२ साली डाइक्स्ट्रा आइंडहोवेन येथील तंत्रविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथील एक्स८ या संगणकासाठी एकाच वेळी अनेकांची कामे हाताळणारी कार्यप्रणाली त्यांनी सहा जणांच्या गटासह उभी केली. गटातील लोक सरासरी अर्धवेळच उपलब्ध होते. विद्यालयाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून ती टीएचई या नावाने प्रसिद्ध झाली. यंत्राची मुख्य स्मृती ३२ हजार शब्दांची, तर ड्रमची ५१२ हजार शब्दांची होती.

वापरकर्ते आपल्या आज्ञावली अल्गॉल ६० मध्ये लिहीत, परंतु कार्यप्रणाली स्वतः असेंब्ली भाषेत लिहिलेली होती. त्यामुळे भाषांतराच्या वेळी चुका दाखवून देणाऱ्या कंपायलरचा आधार तिला नव्हता. शिवाय इंटरप्टमुळे उद्भवणाऱ्या, क्षणावर अवलंबून असलेल्या चुका कोणत्याही भाषांतरात दिसल्या नसत्या. एक्स१ वरील कटू अनुभवामुळे आपण घाबरलेलो होतो आणि उपचारापेक्षा प्रतिबंध बरा, या विचाराने वाईट चुका बांधकामात शिरूच द्यायच्या नाहीत असे गटाने ठरवले, अशी कबुली डाइक्स्ट्रा यांनी पुढे आपल्या लेखात दिली. भीतीपोटी घेतलेला हा निर्णयच गटाच्या मुख्य योगदानाच्या मुळाशी आहे, असे त्यांचे मत होते.

त्यासाठी कार्यप्रणालीची विभागणी एकावर एक अशा थरांत करण्यात आली. सर्वांत खालच्या थराकडे प्रोसेसरचा वेळ वाटून देण्याचे काम होते आणि इंटरप्टचे सारे व्यवहार तेथेच मिटत. त्यावरील थर स्मृती आणि ड्रम यांमधील देवघेव पाही. पुढचा थर चालकाच्या टंकयंत्राशी होणारे संभाषण सांभाळी, त्यापुढचा माहिती आत घेणे व बाहेर देणे ही कामे करी आणि त्यावर वापरकर्त्यांच्या आज्ञावली चालत. प्रत्येक थराने फक्त आपल्या खालच्या थरांवर विसंबावे, असा नियम होता. एखाद्या थरापर्यंत पोहोचले की खालच्या थराच्या अडचणी जणू अस्तित्वातच नसत.

या मांडणीचा लाभ चाचणीच्या वेळी दिसून आला. सगळी प्रणाली एकत्र जोडून तपासली असती, तर संभाव्य अवस्थांची संख्या आवाक्याबाहेर गेली असती. येथे आधी तळाचा थर एकट्याने तपासला गेला. त्याच्या महत्त्वाच्या अवस्था मोजक्या असल्याने प्रत्येक अवस्था मुद्दाम घडवून पाहता आली. तो निर्दोष ठरल्यावरच वरचा थर जोडण्यात आला. चाचणीत आढळलेल्या चुका किरकोळ, लिहिण्याच्या ओघात झालेल्या होत्या. त्यांचे प्रमाण सुमारे ५०० आज्ञांमागे एक इतके होते आणि प्रत्येक चूक यंत्रापाशी १० मिनिटांच्या तपासणीत सापडली. १९६७ साली अमेरिकेतील गॅटलिनबर्ग येथील परिषदेत हे काम सादर झाले आणि १९६८ साली त्यावरील लेख प्रसिद्ध झाला.

सेमाफोर आणि परस्पर-वर्जन

टीएचईच्या रचनेत अनेक प्रक्रिया स्वतंत्र वेगाने चालत आणि काही ठिकाणी एकच माहिती वापरत. अशा वेळी कोणता प्रश्न उद्भवतो, ते एका साध्या उदाहरणाने कळते. दोन प्रक्रियांनी एकाच मोजणीत एकेकाची भर घालायची आहे आणि मोजणी ७ वर आहे. दोघींनी ७ हा आकडा वाचला आणि मग दोघींनी ८ लिहिले, तर ९ ऐवजी ८ उरतात. एक भर नाहीशी होते. दोन्ही आज्ञावली स्वतंत्रपणे पाहिल्यास त्यांत काहीच चूक दिसत नाही.

यावर उपाय म्हणून डाइक्स्ट्रा यांनी सेमाफोर ही संकल्पना मांडली. रेल्वेच्या सिग्नलवरून हे नाव घेतलेले आहे. सेमाफोर ही एक पूर्ण संख्या असते. तिच्यावर दोनच अविभाज्य क्रिया करता येतात; डच शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना पी आणि व्ही म्हणतात. पी क्रिया संख्या कमी करते आणि वाट मोकळी नसेल तर प्रक्रियेला थांबवून ठेवते. व्ही क्रिया संख्या वाढवते आणि थांबलेल्या प्रक्रियेला पुढे जाऊ देते. सामाईक माहितीला हात लावण्याआधी पी आणि नंतर व्ही केल्यास एका वेळी एकच प्रक्रिया आत राहते. हा विषय त्यांनी १९६५ सालच्या सहकारी क्रमिक प्रक्रियांवरील टिपणात विस्ताराने मांडला. प्रक्रिया एकमेकींची वाट पाहत कायमच्या अडकून पडू नयेत, यासाठीची बँकरची रीतही त्यांचीच आहे. जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या तत्त्वज्ञांचे सुप्रसिद्ध कोडे मुळात त्यांनी परीक्षेतील प्रश्न म्हणून तयार केले होते.

संरचित आज्ञालेखन

मार्च १९६८ मध्ये डाइक्स्ट्रा यांचे गो टू या आज्ञेच्या विरोधातील पत्र प्रसिद्ध झाले. त्याचे गाजलेले शीर्षक संपादक निकलाउस विर्ट यांनी दिले होते. आज्ञावलीत कोठूनही कोठेही उडी मारता येत असेल, तर कागदावरचा मजकूर आणि यंत्रात प्रत्यक्ष घडणारा क्रम यांची सांगड तुटते आणि वाचून चूक ओळखणे अशक्य होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत मोठ्या आज्ञावली वेळेत आणि निर्दोष पूर्ण होत नसल्याची उघड चर्चा झाली. तिलाही ते उपस्थित होते.

टीएचईचे काम संपल्यानंतर गट विखुरला आणि डाइक्स्ट्रा यांना नैराश्याने ग्रासले. त्या काळात त्यांनी लिहिलेले संरचित आज्ञालेखनावरील टिपण हा स्वतःवर केलेला उपचार होता, असे त्यांनी नंतर नमूद केले. चाचणी चुका आहेत हे दाखवू शकते, चुका नाहीत हे कधीच सिद्ध करू शकत नाही, हा त्यांचा प्रसिद्ध मुद्दा याच काळातील आहे. ओले-योहान डाल आणि टोनी होअर यांच्या लेखनासह हे टिपण १९७२ साली पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात त्यांनी मानवी बुद्धीच्या मर्यादा ओळखून नम्रतेने आज्ञालेखन करण्याचा आग्रह धरला.

उत्तरकाळ

१९७३ साली डाइक्स्ट्रा बरोज या संगणक कंपनीचे संशोधन-फेलो झाले. न्यूनेन या गावातील त्यांच्या घराची अभ्यासिका हेच त्यांचे कार्यालय होते. आठवड्यातून एक दिवस ते आइंडहोवेनला जात. कोणत्याही बिघडलेल्या अवस्थेतून आपोआप योग्य स्थितीत येणाऱ्या प्रणालींवरील त्यांचा लेख १९७४ साली आला. सुमारे दशकभर तो दुर्लक्षित राहिला. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्याकडे लक्ष वेधले. आज्ञावली आणि तिच्या अचूकतेची सिद्धता यांची रचना एकत्रच करण्याची पद्धत त्यांनी १९७६ सालच्या आपल्या ग्रंथात मांडली.

१९८४ ते १९९९ या काळात ते अमेरिकेतील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक होते. ते फळ्यावर खडूने शिकवत आणि तोंडी परीक्षा घेत. शाईच्या पेनाने सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या आपल्या टिपणांना ते आद्याक्षरे व क्रमांक देत आणि छायाप्रती सहकाऱ्यांना पाठवत. त्या पुढे हातोहात सर्वत्र पोहोचत. अशी १,३०० हून अधिक टिपणे उपलब्ध आहेत. उत्तरायुष्यात त्यांनी संगणक घेतला तो मुख्यतः ईमेल आणि इंटरनेट यांसाठी.

टीका

डाइक्स्ट्रा यांची भाषा अनेकदा बोचरी असे आणि त्यामुळे अनेक जण दुखावले. लाखो ओळींच्या, सतत बदलणाऱ्या आज्ञावलींना सिद्धतेची पद्धत लागू पडत नाही, असा आक्षेप रिचर्ड डी मिलो, रिचर्ड लिप्टन आणि ॲलन पर्लिस यांनी १९७९ साली घेतला. डाइक्स्ट्रा यांनी त्याचा कठोर शब्दांत प्रतिवाद केला. बहुतेक कर्नल आजही मुख्यतः वाचन, कंपायलरच्या सूचना आणि चाचणी यांच्या आधारेच दुरुस्त केले जातात.

निधन आणि वारसा

कर्करोगाने आजारी असलेले डाइक्स्ट्रा २००२ साली न्यूनेनला परतले. तेथेच ६ ऑगस्ट, २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी काही दिवस, १९७४ च्या लेखासाठी त्यांना वितरित संगणनातील प्रभावी लेखाचा पुरस्कार जाहीर झाला होता. २००३ पासून हा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

त्यांची सर्वांत लहान मार्गाची रीत इंटरनेटवरील राउटर वापरत असलेल्या ओएसपीएफ या नियमावलीचा आधार आहे. लिनक्स कर्नलमध्ये सेमाफोरच्या क्रिया डाउन आणि अप या नावांनी आढळतात. प्रक्रिया एकमेकींत अडकण्याचा धोका आधीच हेरणारे लॉकडेप हे साधनही त्या कर्नलमध्ये आहे. २००९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एसईएल४ या, सी भाषेतील सुमारे ८,७०० ओळींच्या कर्नलची अचूकता गणिती पद्धतीने सिद्ध केली. ही सिद्धता कंपायलर बरोबर आहे, हे गृहीत धरून केलेली होती. कंपायलर आणि कर्नल ही दोन्ही डाइक्स्ट्रा यांनी तारुण्यात स्वतःच्या हातांनी बांधली होती आणि त्यांच्या अचूकतेचा प्रश्न त्यांनीच प्रथम इतक्या आग्रहाने पुढे आणला होता.